विदेशी पोपट, कासव, मासा घरी आणण्याआधी: त्याचं मूळ कसं तपासायचं

गंगापूर रोड असो, सिडको असो की नाशिकरोड, पेट शॉपच्या काचेमागे आता फक्त गोल्डफिश आणि लव्हबर्ड नसतात. सन कोन्युअर आणि आफ्रिकन ग्रे हे पोपट, इग्वाना हा मोठा सरडा, बॉल पायथन हा अजगर, शुगर ग्लायडर हा झाडांवरून झेपावणारा छोटा सस्तन प्राणी, या सगळ्यांना गिऱ्हाईक आहे. दुकानात नसेल ते व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘मागवून देतो’ म्हणणारेही भेटतात. विकणारा हमखास दोन गोष्टी सांगतो: ‘घरचं ब्रीडिंग आहे’ आणि ‘पेपर आहेत’.

या दोन्ही गोष्टी घरबसल्या बऱ्याच अंशी तपासता येतात. त्या तपासायच्या, कारण एखाद्या जातीचा व्यापार टिकणारा आहे की ती जात संपवणारा, हे एका प्रश्नावर ठरतं: हा जीव जन्मला कुठे, आणि तो विकला गेल्यावर त्याची रिकामी जागा भरायला पुढचा कुठून येणार? पिंजऱ्यातल्या जोडीकडून, की झाडाच्या ढोलीतून?

१. शास्त्रीय नाव लिहून घ्या

बाजारातल्या नावांवर काहीच ठरवता येत नाही. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेक वेळा बजरीगर असतो, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा पक्षी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आणि त्यातही अनेक जाती आहेत. गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डला सायटिसचे, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या जागतिक कराराचे, नियम लागत नाहीत, फिशरच्या लव्हबर्डला लागतात. दुकानात दोघे एकाच पिंजऱ्यात, एकाच भावात दिसू शकतात.

म्हणून पहिली मागणी हीच करा: शास्त्रीय नाव कागदावर लिहून द्या, आणि बिलावरही तेच लिहा. आफ्रिकन ग्रे म्हणजे सिटॅकस एरिथॅकस, बॉल पायथन म्हणजे पायथन रेजियस, कॉकाटील म्हणजे निम्फिकस हॉलंडिकस. जो विकणारा नाव लिहून देत नाही, त्याच्याकडे पुढची चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

२. देशी निघाला तर विषय तिथेच संपला

आपला साधा पोपट, करण पोपट, मैना, मुनिया, पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव, नदीतलं पाणकासव, घोरपड, मांडूळ यांतलं काहीही पिंजऱ्यात, टाकीत किंवा पोत्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला, प्राणी असेल तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय दंड. ‘वास्तूसाठी लकी’ म्हणून कासव ठेवलं, ‘आजोबांच्या वेळेपासून घरात पोपट आहे’ म्हणून ठेवला, तरी कायदा बदलत नाही.

पोपटांच्या पिल्लांचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. या काळात वडा-पिंपळाच्या, आंब्याच्या ढोल्यांतून अर्धवट पिसं फुटलेली पिल्लं काढली जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये टोपलीतून विकायला येतात. ढोली फोडली की पुढच्या वर्षी तिथे जोडी बसत नाही. एक पिल्लू जातं तेव्हा घरटंही जातं.

निळा किंवा पिवळा ‘रिंगनेक’ दाखवून ‘रंग वेगळा, म्हणजे हा परदेशी’ असं सांगितलं जातं. तो त्याच जातीचा रंगभेद आहे. या सबबीवर विसंबून पैसे देऊ नका.

आणि एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. पिल्लाची दया आली म्हणून ‘सोडवायला’ विकत घेऊ नका. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनातलं कळत नाही. त्याला कळतं ते इतकंच की माल खपला, म्हणजे उद्या आणखी दोन आणायचे.

३. जागतिक यादीत जात कुठे आहे ते पाहा

सायटिस हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. ३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये झाला, १ जुलै १९७५ पासून लागू झाला, भारत १९७६ मध्ये सामील झाला. त्याची तीन परिशिष्टं आहेत. पहिल्यात अस्तंगत होण्याच्या धोक्यातल्या जाती, ज्यांच्या जंगलातल्या प्राण्यांचा धंदेवाईक व्यापार बंद. दुसऱ्यात परवान्यावर व्यापार, आणि तो परवाना देण्याआधी निर्यात करणाऱ्या देशाने ‘यामुळे जंगलातल्या संख्येला धक्का बसणार नाही’ असा निष्कर्ष काढणं बंधनकारक. तिसऱ्यात एखाद्या देशाने आपल्या जातीसाठी मागितलेली मदत.

‘स्पीसीज प्लस’ या मोफत संकेतस्थळावर शास्त्रीय नाव टाकलं की परिशिष्ट, ते कधीपासून लागू आहे आणि मूळ देश कोणते, सगळं दिसतं. आफ्रिकन ग्रे २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत दुसऱ्यातून पहिल्यात गेला, आणि आपलं तारा कासव २०१९ मध्ये. ग्रेच्या बाबतीत उशीरच झाला होता. घानामध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना आढळलं.

यादीत नाव नाही म्हणजे मोकळं रान, असं मात्र समजू नका. २०२० मध्ये सरीसृपांच्या ऑनलाइन बाजाराचा मोठा अभ्यास झाला. ज्ञात जातींपैकी ३५ टक्क्यांहून जास्त जाती विक्रीला सापडल्या, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जातींना सायटिस लागूच होत नव्हता. व्हिएतनामच्या एका लहान बेटावरची निमॅस्पिस सायकेडेलिका ही रंगीत पाल शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये जगापुढे आणली. लगोलग ती बाजारात आली, आणि २०१६ मध्ये पहिल्या परिशिष्टात घालावी लागली. यादी नेहमी बाजाराच्या मागून धावते. म्हणून स्पीसीज प्लसनंतर आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीतही, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीतही, तेच नाव टाकून बघा. सन कोन्युअर सायटिसच्या दुसऱ्याच परिशिष्टात आहे, पण लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. जगभरच्या पिंजऱ्यांत पिवळाधमक दिसणारा हा पक्षी गयाना आणि उत्तर ब्राझीलच्या रानात तुरळक उरला, तो मुख्यतः पिंजऱ्यांसाठी धरला गेल्यामुळे.

४. कागद वाचायला शिका

‘पेपर आहेत’ म्हटल्यावर बहुतेक जण लांबूनच फाइल बघतात आणि मान डोलावतात. फाइल उघडून बघायचं काय, ते असं.

आयात केलेला प्राणी असेल तर साखळी पूर्ण लागते: निर्यातदार देशाचा सायटिस परवाना, आपल्याकडचा आयात परवाना, विमानतळावरच्या पशू विलगीकरण केंद्राची सुटका आणि सीमाशुल्काची नोंद. मूळ परवाना सीमाशुल्काकडे जमा होतो, म्हणून विक्रेत्याकडे प्रत असणं स्वाभाविक आहे. पण प्रतीवर संख्या, जात, तारीख आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याने भरलेला प्रत्यक्ष आकडा वाचता आला पाहिजे. निर्यात परवाना सहा महिन्यांसाठीच चालतो. तीन वर्षांपूर्वीचा दहा पक्ष्यांचा परवाना दाखवून आजचा साठावा पक्षी विकला जात असेल, तर तो कागद त्या पक्ष्याचा नाही.

परवान्यावर ‘स्रोत’ या रकान्यात एक इंग्रजी अक्षर असतं. सगळी मेख त्यात आहे.

‘डब्ल्यू’ म्हणजे जंगलातून धरलेला. ‘सी’ म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, आणि त्यासाठी पैदाशीचा साठा दुसऱ्या पिढीपर्यंत नेण्याची क्षमता दाखवावी लागते. ‘एफ’ म्हणजे बंदिवासात जन्मला खरा, पण ‘सी’ची अट पुरी होत नाही. अनेकदा आई-बाप जंगलातले असतात. ‘आर’ म्हणजे जंगलातून अंडी किंवा पिल्लं आणून वाढवलेली. ‘डी’ म्हणजे पहिल्या परिशिष्टातल्या जातीची नोंदणीकृत केंद्रातली पैदास.

‘आर’ आणि ‘एफ’ यांबाबत सावध राहा. टोगो, बेनिन, घाना या देशांतून जाणारे बॉल पायथन मोठ्या प्रमाणात असे येतात: गाभण माद्या रानातून उचलायच्या, अंडी उबवायची, पिल्लं निर्यात करायची. कागदावर ‘जन्म केंद्रात’ असतो, भार मात्र रानावर पडतो.

‘सी’वरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. इंडोनेशियातून ‘बंदिवासातली पैदास’ म्हणून जाणाऱ्या हिरव्या ट्री पायथनचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी निर्यात होणाऱ्यांपैकी किमान ८० टक्के साप बेकायदा जंगलातून धरलेले निघाले. फार्म होते, परवाने होते, फक्त पैदास नव्हती.

इथेच जन्मलेल्या पिल्लाला सायटिस परवाना नसतो, कारण ते सीमा ओलांडून आलेलंच नाही. अशा वेळी मागायचे ते आई-बापांचे कागद: त्यांचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि पहिल्या परिशिष्टातली जात असेल तर पैदासकाराचा परवाना. दुकानाची २०१८ च्या पेट शॉप नियमांखालची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणीही दर्शनी भागात लावलेली असायला हवी.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात, पण ती सगळ्यांसाठी खुली आहे. ‘सायटिस ट्रेड डेटाबेस’मध्ये जात निवडा, आयातदार देश म्हणून भारत निवडा आणि मागची वीस वर्षं टाका. त्या जातीची भारतात अधिकृत आयात जवळजवळ शून्य दिसत असेल, तर आज बाजारात फिरणाऱ्यांचे पूर्वज कसे आले हे उघड आहे. म्यानमारकडून मिझोराममार्गे आणि बँकॉकहून चेन्नई-मुंबईला येणाऱ्या बॅगांतून विदेशी प्राणी पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

५. रिंग फिरवून बघा, डोळा बघा

पक्ष्याच्या पायातली बंद रिंग हा सगळ्यांत बोलका पुरावा. पिल्लू दोन आठवड्यांच्या आसपासचं असताना बोटं एकत्र धरून ती सरकवतात. पाय वाढला की ती निघत नाही. म्हणजे बंद रिंग असलेला पक्षी लहानपणीच माणसाच्या हातात होता. (ढोलीतून काढलेल्या लहान पिल्लालाही ती घालता येते, म्हणून रिंग एकटी पुरेशी नाही.)

पक्षी टॉवेलात हलक्या हाताने धरायला सांगा आणि रिंग नखाने सावकाश गोल फिरवा. सलग गोल असेल, कुठे चीर किंवा सांधा लागत नसेल, तर बंद. सांधा लागला तर ती नंतर चिमट्याने बसवलेली. अक्षरं कोरलेली असतात: पैदासकाराचा संकेत, वर्ष, क्रमांक. ते लिहून घ्या, बिलावर तेच हवेत. मग पायाकडे बघा. मोठ्या पक्ष्याला जबरदस्तीने रिंग घातली असेल तर बोटांच्या सांध्यांवर सोललेले खवले, जुने व्रण किंवा एखादं वाकडं बोट दिसतं. रिंग पायाच्या मानाने फारच सैल असेल तर तीही नंतर चढवलेली असू शकते.

आता रिंगवरचं वर्ष आणि पक्ष्याचं वय जुळवा. आफ्रिकन ग्रेच्या पिल्लाची बुबुळं गडद, काळपट असतात. ती हळूहळू राखाडी होत साधारण दीड-दोन वर्षांत फिकट पिवळी होतात. सन कोन्युअरच्या पिल्लाच्या पाठी-पंखांवर हिरवा रंग भरपूर असतो, अंगभर पिवळा-केशरी यायला दीड-दोन वर्षं लागतात. रिंगवर यंदाचं वर्ष आणि डोळा पिवळाजर्द, असं दिसलं की एक तर वय खोटं किंवा रिंग.

सरपटणाऱ्यांमध्ये अंगावरच्या गोचिडी, जुन्या जखमा, घासून सोललेलं नाक, तुटलेली शेपटी ही रानातून आल्याची लक्षणं. त्या एकेकट्या निर्णायक नाहीत, पण दोन-तीन एकत्र दिसली की मागे फिरा. मायक्रोचिप असेल तर वाचकयंत्राने तुमच्यासमोर वाचायला सांगा. क्रमांक पंधरा अंकी असतो, प्रमाणपत्रावरचा प्रत्येक अंक जुळला पाहिजे.

६. अंड्यांचा हिशेब

‘घरचं ब्रीडिंग’ खरं आहे का, हे आकडेमोडीने कळतं. आफ्रिकन ग्रे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत सहसा अंडी देत नाही. मग एका वेतात तीन-चार अंडी, वर्षाला एक-दोन वेत, आणि त्यातली सगळी जगत नाहीत. जोडीमागे वर्षाला तीन-चार पिल्लं हातात आली तरी चांगलं म्हणायचं. कोणी वर्षभरात चाळीस पिल्लं विकत असेल तर त्याच्याकडे दहा-बारा चालू जोड्या दिसायला हव्यात. निळ्या-पिवळ्या मकाऊची दोन-तीन अंडी, बॉल पायथनची साधारण चार ते सहा आणि तीही दर वर्षी नाहीत. उलट बजरीगर वर्षाचा व्हायच्या आत जोडी धरतो आणि वेताला चार ते सहा अंडी देतो. त्याचा ढीग दिसला तर नवल नाही.

आई-बाप बघायला मागा. पेट्या, चारा, उबवणी यंत्र, पिल्लांच्या वजनाची वही बघा. खरा पैदासकार वही लपवत नाही. बहुतेकदा तोच उत्साहाने दाखवतो आणि उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारतो.

या सगळ्या कसोट्यांवर आरामात उतरतात ते बजरीगर, कॉकाटील, झेब्रा फिंच आणि गोल्डियन फिंच. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, आणि बाजारातली पिल्लं पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली आहेत. पहिल्यांदा पक्षी पाळणाऱ्याने यांच्यापलीकडे जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. शुगर ग्लायडर याच गटात धरला जातो, ते बरोबर नाही. तो ऑस्ट्रेलियाबरोबर न्यू गिनीतही सापडतो, आणि अमेरिकेतल्या पाळीव शुगर ग्लायडरांची जनुकं तपासली तेव्हा मूळ पश्चिम पापुआत निघालं.

७. ‘परिवेश’वर नोंदणी

सायटिसच्या परिशिष्टांतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करायची, असं वन्यजीव कायद्याचं कलम ४९ एम सांगतं. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. पण अर्ज ऑनलाइन असल्याने नाशिकहून जावं लागत नाही.

अर्जाला बसण्याआधी हे हाताशी ठेवा: ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, शास्त्रीय नाव असलेलं बिल, विकणाऱ्याच्या नोंदणीची प्रत, रिंग किंवा चिपचा क्रमांक, आणि प्राण्याचे समोरून, बाजूने आणि खुणेजवळून काढलेले फोटो. अर्ज अडकतो तो बहुधा दोन कारणांनी: बिलावर ‘पोपट १ नग’ एवढंच असतं, किंवा रिंगच्या फोटोतला क्रमांक वाचता येत नाही. रिंगचा फोटो उन्हात, जवळून, दोन बाजूंनी काढा.

पुढे पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर त्याचीही नोंद करावी लागते. मेल्यावर पशुवैद्यकाचा लेखी अहवाल घ्या. परसात पुरून मोकळं होऊ नका.

८. नाशिकची हवा त्याला मानवेल का?

व्यापार टिकाऊ आहे की नाही यात हाही प्रश्न येतो. सहा महिन्यांत मेलेला प्राणी म्हणजे पुन्हा एक मागणी.

नाशिकचा हिवाळा बाहेरून आलेल्यांना फसवतो. शेजारच्या निफाडला तर राज्यातलं नीचांकी तापमान अनेकदा नोंदलं जातं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि बंद गॅलरीत जेमतेम दोन-चार अंशांचा फरक पडतो. इग्वानाला ऊन शेकायची जागा ३५ ते ३८ अंशांची लागते, बॉल पायथनला गरम कोपरा ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजू २४ ते २७. थंडीत त्यांचं पचन थांबतं, पोटातलं अन्न कुजतं, छातीत कफ होतो. शुगर ग्लायडर गारठून निपचित पडतो आणि घरचे मेला समजतात.

यासाठी सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट, दोन्ही हवेत. नुसता बल्ब लावून भागत नाही. शंभर वॉटचा हीटर रोज बारा तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. वीज गेली तर किती तास तग धरेल, ते आधी ठरवा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिव्यांच्या हिशेबाने घेतलेले असतात, रात्रभर हीटर ओढत नाहीत.

इग्वाना आणि कासवाला अतिनील-बी किरणांचा दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच ते किरण अडवते. ट्यूब पेटलेली दिसते पण सहा ते बारा महिन्यांत तिचे किरण उतरतात, म्हणून ती तारीख टाकून बदला. हे चुकलं की हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा वाकतो.

पक्ष्यांचा घात स्वयंपाकघरात होतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पोपटाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला रोज द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीत पिंजरा ठेवू नका. घरात दुसरे पक्षी असतील तर नव्याला ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

आयुष्याचा हिशेबही मांडा. कॉकाटील १५ ते २० वर्षं, सन कोन्युअर २० ते ३०, बॉल पायथन २० ते ३०, आफ्रिकन ग्रे ४० ते ६०. इग्वाना पाच-सहा फूट होतो. सन कोन्युअरची किंचाळी फ्लॅटच्या भिंतींपलीकडे सहज जाते. आणि विदेशी प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक नाशिकमध्ये कोण, हे प्राणी आणण्याआधी फोन करून पक्कं करा. पहिलं दुखणं बहुधा रविवारी रात्रीच येतं.

९. माशांचं गणित वेगळं

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे तळ्यांत आणि टाक्यांत पैदास केलेले असतात. चेन्नईतलं कोलाथुर हे तर त्याचं मोठं केंद्र. गप्पी, मॉली, प्लॅटी, बेट्टा, एंजल निर्धास्त घ्या.

‘जंगलातला म्हणजे वाईट’ हा नियम इथे मोडतो, म्हणून थोडं थांबतो. ब्राझीलच्या रिओ निग्रो नदीवर बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या हातजाळ्यांनी कार्डिनल टेट्रा धरतात. हा मासा कमी जगतो, भरपूर वितो, आणि पाणी ओसरलं की उथळात अडकून त्यातले असंख्य असेही मरतातच. त्यावर पोट चालतं म्हणून लोकांना जंगल तोडायची, खाणीवर जायची गरज पडत नाही. अशा ठिकाणी मासळी बंद झाली तर जंगलाचंच नुकसान. झपाट्याने वाढणारी जात, साधी साधनं, आणि पैसा धरणाऱ्याच्या गावात राहणं: या तीन गोष्टी जुळल्या तर रानातला मालही टिकतो. पोपटात पहिलीच जुळत नाही.

समुद्री टाकी मात्र पहिल्यांदा नको. समुद्री शोभेचे मासे बहुतांश प्रवाळांतून धरलेले असतात, काही ठिकाणी सायनाइड फवारून. निळा टँग बंदिवासात वाढवायला २०१६ उजाडलं. क्लाउनफिशची पैदास होते, तोही पैदाशीचाच मागा. प्रवाळ आणि समुद्री घोडा भारतात संरक्षित आहेत, ‘लाइव्ह कोरल’च्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत २४ तास उघडं ठेवा किंवा हायपो घाला. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, बरेचदा जड असतं: मॉली आणि आफ्रिकन सिक्लिडला ते चालतं, डिस्कस आणि टेट्राला नाही. नवी टाकी मासे न टाकता चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून मुरवा, चिमूटभर खाद्य टाकत राहा म्हणजे जिवाणू वाढतात. घाई केली की अमोनिया चढतो आणि आठवडाभरात मासे उलटे तरंगतात. मग लिटरमागे एक वॉट हीटर, आठवड्याला पाव टाकी पाणी बदल.

१०. नको झाला तर नदीत नाही

गालावर लाल पट्टा असलेलं रुपयाएवढं कासव, रेड-इअर्ड स्लायडर, दहा-बारा वर्षांत ताटाएवढं होतं आणि त्याला चारेकशे लिटरची टाकी लागते. मग कोणी रामकुंडात, कोणी गंगापूर धरणावर सोडून येतं, वर पुण्य मिळाल्याचं समाधान. जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक जातींत या कासवाचं नाव आहे. ते ऊन खायच्या जागा आणि अन्न बळकावतं, रोग पसरवतं. काच साफ करणारा सकर मासाही तसाच: काठात बिळं करतो, जाळी फाडतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी वरची हवा घेऊन जगतो. गोदावरीत सोडलेलं काहीही खाली निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरपर्यंत जाऊ शकतं, आणि तो २०२० मध्ये जाहीर झालेला राज्यातला पहिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा, पाणथळ आहे.

मासा किंवा स्लायडर असेल तर दुकानदाराशी घेतानाच परत घेण्याचं लेखी ठरवून ठेवा, नाहीतर दुसरा पाळणारा शोधा. सायटिसमधला प्राणी द्यायचा तर परिवेशवर हस्तांतराची नोंद करून. देशी पोपट किंवा कासव घरात असेल तर वन विभागाला फोन करून ताब्यात द्या. हातावर वाढलेला पोपट खिडकीतून उडवला तर त्याला चारा शोधता येत नाही, दोन-तीन दिवसांत मांजर किंवा कावळे त्याला संपवतात.

११. टोपलीत पिल्लं दिसली तर

वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६. तातडीचं असेल तर ११२. ठिकाण नेमकं सांगा: रस्ता, जवळचं दुकान, कोणत्या बाजूला, किती वाजल्यापासून, किती पिल्लं, गाडी असेल तर तिचा क्रमांक. ऑनलाइन जाहिरात असेल तर खात्याचं नाव, तारीख आणि किंमत दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पुरावा सुरक्षित झाल्याशिवाय ‘रिपोर्ट’चं बटण दाबू नका, पोस्ट उडते. विक्रेत्याशी वाद घालू नका, तो पाच मिनिटांत जागा बदलतो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावर विचारणा करा.

पथक येईपर्यंत पिल्लं तुमच्या ताब्यात आलीच तर खोक्यात सुती फडकं घालून, झाकण अर्धं लावून, उबेला आणि शांत जागी ठेवा. दूध-पोळी भरवू नका. चोचीत पाणीही ओतू नका, ते श्वासनळीत जातं.